छतावरच्या सोलरची सबसिडी अडकते कुठे? या चुका टाळा

छतावर पॅनल चढले, मीटर बदलून मिळाला, बिलही उतरलं. खात्यात सबसिडी मात्र येत नाही. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत सोलर बसवलेल्या घरांतून ही तक्रार सारखी ऐकू येते. अशी प्रकरणं नीट तपासली की अडचण छतावर क्वचितच सापडते. ती वीजबिलावरच्या नावात असते, नोंदणीच्या मोबाईल नंबरात असते, नाहीतर पॅनलमागच्या लेबलवर असते. आणि यातली जवळजवळ प्रत्येक चूक पॅनल बसायच्या आधीच झालेली असते.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेचा हिशोब सोपा आहे. पहिल्या 2 किलोवॅटला किलोवॅटमागे 30,000 रुपये, तिसऱ्या किलोवॅटला 18,000. म्हणजे जास्तीत जास्त 78,000. यंत्रणा 5 किलोवॅटची बसवली तरी रक्कम तेवढीच राहते.

बिल वडिलांच्या नावावर, अर्ज मुलाचा

सगळ्यात जास्त अर्ज इथे रखडतात. वडील जाऊन वर्षं झाली, पण वीजबिल अजून त्यांच्याच नावाने येतं. बिल वेळेवर भरलं जातंय, म्हणून नाव बदलायची गरज कुणाला वाटलेली नसते. मग मुलगा स्वतःचं आधार आणि स्वतःचं बँक खातं देऊन अर्ज करतो, आणि नावं जुळत नाहीत म्हणून शेवटच्या टप्प्यावर पैसे थांबतात.

त्यामुळे सोलरवाल्याला बोलावण्याआधी वीजजोडणी आपल्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती, आणि मालकीचा पुरावा म्हणून घरपट्टीची पावती किंवा गावात नमुना 8 चा उतारा, असे कागद लागतात. भावाबहिणींच्या सह्या गोळा करायला वेळ जातो हे खरं, पण पॅनल बसल्यावर, पैसे अडकल्यावर त्याच सह्या मागत फिरणं फार जड जातं.

नाव एकच असलं तरी एकदा अक्षर-अक्षर ताडून पाहा. बिलावर ‘दत्तू’, आधारवर ‘दत्तात्रय’ आणि पासबुकात वडिलांचं नाव गाळून नुसतं आडनाव, असं आपल्याकडे सर्रास असतं. बिल, आधार आणि बँक खातं या तिन्ही ठिकाणी नाव सारखंच हवं.

खात्याबद्दल आणखी एक. जुन्या पासबुकातला आयएफएससी कोड डोळे झाकून भरू नका. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि 1 मे 2025 पासून राज्यातल्या दोन ग्रामीण बँकांची एकच झाली. अशा विलीनीकरणानंतर कोड बदलतात. शाखेतून नवा रद्द केलेला चेक घ्या आणि त्यावरचाच कोड भरा.

‘तुम्ही काही करू नका, आम्ही सगळं बघतो’

हे वाक्य ऐकायला गोड लागतं, पण ते महागात पडू शकतं. बसवणारा माणूस नोंदणी करून देतो, आणि सोयीसाठी स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो. तिथून पुढचा प्रत्येक ओटीपी आणि प्रत्येक संदेश त्याच्याकडे जातो. त्रुटी निघाली तर तुम्हाला पत्ता लागत नाही. त्याच्याशी बिनसलं तर स्वतःचाच अर्ज उघडता येत नाही.

फॉर्म भरायला मदत जरूर घ्या, पण नंबर तुमचाच हवा. अर्ज सरकारी पोर्टलवरच करा; व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून किंवा कुणी पाठवलेलं ॲप उतरवून नको. महावितरणच्या बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक स्वतः वाचून भरा. विक्रेता पोर्टलच्या नोंदणीकृत यादीतलाच निवडा. यादीबाहेरच्याने कितीही स्वस्तात बसवून दिलं तरी सबसिडी मिळत नाही.

सबसिडी थेट ग्राहकाच्या खात्यात येते, हेही पक्कं लक्षात ठेवा. ‘सबसिडी वजा करून एवढे द्या’ असा भाव कुणी सांगितला, तर पूर्ण किंमत किती आणि सबसिडी कोणाच्या खात्यात येणार हे कागदावर लिहून घ्या. माझं स्पष्ट मत आहे की नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) लागून यंत्रणा सुरू होईपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवावा. सगळे पैसे आधीच दिलेत तर उरलेल्या कागदपत्रांसाठी फोन उचलायला कुणी मोकळं नसतं.

पॅनल भारतीय, पण सेल?

सबसिडीसाठी पॅनल डीसीआर प्रकारचे लागतात, म्हणजे पॅनलही भारतात बनलेलं आणि त्यातले सोलर सेलही भारतातच बनलेले. गफलत इथेच होते. बाहेरून सेल आणून इथे जोडलेलं पॅनलसुद्धा ‘भारतीय बनावटीचं’ म्हणून विकलं जातं, आणि ते स्वस्तही असतं. घर त्याने उजळेल, पण सबसिडीला ते चालत नाही.

म्हणून कोटेशनवर नुसतं ‘540 वॅटचे 6 पॅनल’ एवढंच नको. कंपनी, मॉडेल आणि ‘डीसीआर’ हा शब्द लिहून घ्या. माल आला की तो छतावर चढवण्याआधी खालीच प्रत्येक पॅनलच्या मागच्या लेबलचा फोटो काढा. अनुक्रमांक स्पष्ट वाचता आला पाहिजे. पोर्टलवर भरलेले क्रमांक आणि छतावरचे क्रमांक जुळावे लागतात. एकदा पॅनल स्ट्रक्चरवर कसले की मागचं लेबल वाचायला पुन्हा शिडी लावून वाकावं लागतं, आणि पावसाळ्यात तर तेही होत नाही.

3 किलोवॅटचा हिशोब

540 वॅटचे 5 पॅनल म्हणजे 2.7 किलोवॅट. विक्रेता त्याला सहज ‘3 किलोवॅटची सिस्टिम’ म्हणतो, कारण इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, 3 किलोवॅटचा असतो. पण सबसिडी ठरते ती पॅनल आणि इन्व्हर्टर यांपैकी कमी क्षमतेवर. मग 60,000 अधिक 12,600, म्हणजे 72,600 रुपये मिळतात आणि ग्राहकाला वाटतं, कुणीतरी 5,400 खाल्ले. कुणी खाल्लेले नसतात. सहावं पॅनल घेतलं असतं तर 78,000 मिळाले असते.

उलट बाजूने, 78,000 मिळवायचे म्हणून 3 किलोवॅट घेऊच नका. 1 किलोवॅटमधून महिन्याला साधारण 120 युनिट वीज मिळते. महिन्याला 120-130 युनिट जाळणाऱ्या घराला 1 ते दीड किलोवॅट पुरतं. जास्तीची युनिटं पुढच्या बिलात वळती होतात, पण आर्थिक वर्ष संपताना उरलेल्या युनिटांना तुम्ही भरता तो दर मिळत नाही. सोलर उपकरणांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर येण्याआधीची, म्हणजे 22 सप्टेंबर 2025 पूर्वीची कोटेशनं हाती असतील तर नवी मागवा.

दुकानाच्या, म्हणजे व्यावसायिक जोडणीवर ही सबसिडी नाही. विजेच्या जाळ्याला न जोडलेल्या, फक्त बॅटरीवरच्या यंत्रणेलाही नाही. बॅटरी जोडायला मनाई नाही, पण तिच्यासाठी वेगळे पैसे मिळत नाहीत. आणि बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर सोलरही बंद पडतो, हे भारनियमन असलेल्या गावात आधीच विचारात घ्या. गृहनिर्माण संस्थेच्या लिफ्ट-पंपासाठी मात्र किलोवॅटमागे 18,000 रुपये आहेत.

मीटर लागला, पुढे?

नेट मीटर लागला, तपासणी झाली की काम संपलं असं समजून लोक गप्प बसतात. पोर्टलवर आत जाऊन बँकेचे तपशील भरून सबसिडीची मागणी करावी लागते, आणि ती ग्राहकानेच करायची असते. विक्रेत्याने यंत्रणेचे तपशील आणि फोटो चढवलेत का, वीज कंपनीचा तपासणी अहवाल आलाय का, हे अर्जाच्या स्थितीत दिसतं. जिथे गाडी अडलीय तिथेच विचारा: फोटो नसतील तर विक्रेत्याला, अहवाल नसेल तर महावितरणच्या उपविभाग कार्यालयात किंवा 1912 वर, आणि मागणी करूनही पैसे येत नसतील तर योजनेच्या 15555 या क्रमांकावर. फोन करताना अर्ज क्रमांक समोर ठेवा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.