‘घरचाच माणूस आहे’ म्हणून तोंडी व्यवहार? या चुका टाळा

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. दिवाळी झाली की दांडिया बाजारातल्या, छोटे कारखाने चालवणाऱ्या आपल्या मराठी मंडळींचे फोन येऊ लागतात: "अहो, वेल्डर उपाड घेऊन गावी गेला, आता फोनच उचलत नाही." दोष कारागिराला दिला जातो. माझ्या अनुभवात दहातल्या सात वेळा घोळ आपल्याच वहीत असतो.

उपाड, म्हणजे उचल, देण्यात काही चूक नाही. ती तोंडी दिली की बिघडतं. माझ्याकडे सहा वर्षं टिकलेला एक फिटर होता. हिशेबाच्या दिवशी मी म्हटलं अठरा हजार, तो म्हणाला बारा. मी आवाज चढवला. तो काही न बोलता हातमोजे बाकावर ठेवून निघून गेला. पुढे महिनाभराने धाकट्या भावाच्या खिशातली डायरी चाळली, तेव्हा कळलं: त्या बारातले सहा हजार भावाने दिले होते, ते त्यानेही लिहिले आणि मीही लिहिले, म्हणून दोनदा धरले गेले. फिटर खरं बोलत होता. त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, पण तो परत आला नाही. ती सल अजून आहे.

तेव्हापासून उपाड एकाच हातून द्यायची. शक्यतो यूपीआयने. प्रत्येकाची छोटी वही, तिच्यात तारीख, रक्कम, दोघांच्या सह्या, आणि दरमहा किती कापायचे तेही त्याच दिवशी ठरवून लिहायचं. वही कारागिराकडे, नक्कल आपल्याकडे.

दुसरी चूक, माणूस परत यावा म्हणून पगार अडकवून ठेवणं. तसं केलं की तो शेजारच्या शेडमध्ये रुजू होतो. पगार महिना संपल्यावर सात तारखेच्या आत हातात पडलाच पाहिजे. गैरहजेरीचा त्रास असेल तर कॅलेंडर बघा. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, 14 आणि 15 जानेवारीला बडोदं पतंग उडवायला गच्चीवर असतं, होळीला दाहोद-पंचमहालची माणसं गावी जातात, छठला बिहार-यूपीची. त्या आठवड्यात डिलिव्हरीची तारीख घेऊच नका. कोण कधी जाणार ते महिनाभर आधी विचारून फळ्यावर लिहा.

"आमची माणसं कमीच आहेत," असं म्हणणाऱ्यांनी मस्टर, म्हणजे हजेरीपट, नीट मोजावा. दहा झाली की ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), वीस झाली की पीएफ (भविष्यनिर्वाह निधी). ठेकेदाराची माणसंही मोजली जातात, आणि त्याने पैसे भरले नाहीत तर ते तुमच्या गळ्यात येतात. ईएसआय 21,000 रुपयांपर्यंतच्या पगाराला लागतो: मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75. पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायचे. ग्राइंडरची चकती फुटून हात कापला, तर उपचारांसोबत कामावर येता न आलेल्या दिवसांचे 90 टक्के वेतन तिथून मिळतं. नोंदणीच नसेल तर तो सगळा खर्च मालकावर. कामगाराच्या पगारातून पीएफ कापून न भरणं हा तर फौजदारी गुन्हा आहे.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे द्यायची रक्कम, बहुतेकांना माणूस सोडून जाताना आठवते. पाच वर्षं झालेल्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन; एका दिवसाचं वेतन काढताना महिन्याच्या वेतनाला 26 ने भागायचं. 13,000 मूळ वेतनाला वर्षाचे 7,500, दहा वर्षांचे 75,000. मी दर मार्चला प्रत्येकाची रक्कम काढून वेगळ्या खात्यात टाकतो.