जुनी फिरती खुर्ची घ्यायची तर आधी उलटी करा

गोव्यात फोंड्याला आमच्या घरी एक शिसवी फिरती खुर्ची आहे. गोल वळणाचे हात, पाठीला वेत, खाली चार पायांचा लाकडी बेस. एप्रिलच्या उन्हात एका गोदामात दिसली आणि पाच मिनिटांत पैसे मोजून मी मोकळी झाले. विकणारा म्हणाला, पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या काळातली. मी नुसता तिच्या पॉलिशवरून हात फिरवत राहिले. जूनमध्ये पाऊस लागला आणि खुर्चीखालच्या तांबड्या कोब्यावर रोज सकाळी पिठीसारखी भुकटी दिसू लागली. पहिले दोन दिवस वाटलं, छपरातून काहीतरी गळतंय. मग मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी वरच्या कोरीवकामाकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्ची उचलली, उपडी घातली आणि मला म्हणाले, “पयलींच उमथें करून पळोवपाचें न्हय गो बाय?” म्हणजे, आधीच उलटी करून बघायची नाही का?

हात, पाठ सगळं शिसवाचं होतं. बैठकीखालची चौकट मात्र कसल्यातरी पांढऱ्या, हलक्या लाकडाची, आणि टाचणीने टोचावं तशी भोकंच भोकं.

फिरत्या खुर्चीच्या बहुतेक भानगडी बैठकीच्या खाली असतात आणि दुकानात आपण बघतो ते सगळं वरचं. त्यानंतर मी तीन खुर्च्या घेतल्या, दोन सोडून दिल्या, आणि नातेवाइकांसाठी शोधाशोध केली ती वेगळी. त्यातून जी पद्धत बसली ती सांगते.

आधी घरातलं माप

टेप काढा आणि ज्या टेबलापाशी खुर्ची ठेवायची त्याची उंची मोजा. साधारण ७५ सेंमी भरेल. खुर्चीची बैठक त्यापेक्षा २५ ते ३० सेंमी खाली असली की हात नीट टेकतात. खुर्चीचे हात टेबलाच्या कडेखाली जातात का, तेही बघा. जुन्या खुर्च्यांचे हात उंच आणि रुंद असतात. ते अडले तर खुर्ची कायम टेबलापासून वीतभर दूर राहते आणि आपण पुढे वाकून कुबड काढतो.

फिरायला जागा लागते. टेबलाच्या मागे निदान ९० सेंमी मोकळी हवी, नाहीतर फिरती खुर्ची घेऊन उपयोग काय? आणि जमीन बघा. कोबा किंवा जुन्या नक्षीच्या लाद्या असतील तर लोखंडी चाकं त्यावर ओरखडे काढणारच. अशा खुर्चीला नवी रबरी चाकं लावायची किंवा खाली चटई टाकायची, हे आधीच ठरवून निघा.

गोव्यात काय मिळतं

लोकांच्या डोळ्यांसमोर पोर्तुगीज घरातलं कोरीव सामान असतं. फिरत्या खुर्च्या मात्र बहुतेक घरातल्या नव्हेत, कचेऱ्यांतल्या. १९५० नंतर इथलं लोहखनिज जपानला जाऊ लागलं तशा खाणमालक, बार्जवाले, जहाज एजंट यांच्या पेढ्या वाढल्या, आणि हेडक्लार्कला फिरती खुर्ची आली. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा कितीतरी कार्यालयांचं सामान अडगळीत गेलं. त्या काळातल्या लाकडी खुर्च्यांत बैठकीखाली जाड आट्यांचा लोखंडी दांडा असतो. बैठक गोल फिरवत गेलं की खुर्ची वरखाली होते.

दुसरा प्रकार म्हणजे पियानोचं स्टूल. सासष्टीतल्या जुन्या ख्रिस्ती घरांत पियानो होते आणि त्यांच्यापुढे तसाच आट्यांचा दांडा असलेलं गोल स्टूल. पियानो विकला जातो, स्टूल मागे राहतं. छोट्या घराला याच्यासारखी दुसरी फिरती बैठक नाही, असं माझं मत. पाठ नसल्यामुळे ते टेबलाखाली पूर्ण सरकतं.

तिसरा प्रकार स्टील पाइप आणि रेक्झिनच्या, साठ-सत्तरच्या दशकातल्या ऑफिसच्या खुर्च्या. कोणी फारसं विचारत नाही म्हणून स्वस्त पडतात. न्हाव्याच्या दुकानातल्या खुर्च्याही फिरतात, पण त्या इतक्या जड असतात की एकदा ठेवली की ठेवली.

चौथा प्रकार नावाच्या, म्हणजे नामवंत डिझायनरांच्या खुर्च्यांचा. तो पुढे सांगते, कारण तिथे फसवणूक जास्त.

शोधायचं कुठे

हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात आणि किनाऱ्यालगतच्या अँटिकच्या दुकानांत भाव पाहुण्यांच्या हिशेबाने असतात. तिथे जाऊन बघावं, डोळा तयार करावा आणि घरी यावं. खरी खुर्ची मिळते ती कोणी जुनं घर मोडतो किंवा वाटण्या होतात तेव्हा. गावात सुतार, पॉलिशवाला, टेम्पोवाला यांना सांगून ठेवा, कोणाचं घर रिकामं होतंय ते त्यांना आधी कळतं. भंगारअड्ड्यावर पूर्ण खुर्ची क्वचितच मिळते, पण सुटा दांडा, स्प्रिंग, बिडाचा बेस मिळतो, आणि तो कधी ना कधी लागतोच. कुणी मुंबईला जाणार असेल तर जोगेश्वरीजवळचा ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आणि चोरबाजारातली मटण स्ट्रीट आहेच. फक्त वाहतुकीचा खर्च आधी धरा.

आता उलटी करा

सोबत एक जुनी चादर, मोबाइलचा टॉर्च आणि काळा कागद न्या. चादर अंथरा, खुर्ची त्यावर उपडी घाला. विकणारा कुरकुरला तर नमस्कार करून निघा.

पहिल्यांदा दांडा बघा. वरवरचा गंज असेल तर घाबरू नका, रॉकेल आणि तारेच्या ब्रशने निघतो. आट्यांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर मात्र तो दांडा गेला. मग खुर्ची सरळ करून बैठक अगदी खालपासून वरपर्यंत फिरवा. घट्ट फिरत असेल तर चालेल, ग्रीस पडलं की सुटेल. मध्येच ढिली, मध्येच घट्ट होत असेल तर झीज एका जागी आहे. लेथवाला नवा दांडा करून देतो, पण त्याचा खर्च भावातून वळता करायला हवा.

मग डुगडुग. बेसवर पाय ठेवा आणि बैठक पुढे-मागे हलवा. जराशी हालचाल जुन्या खुर्चीत असणारच. ती येते कुठून, ते हुडका. दांडा आणि नट यांच्यात खेळ असेल तर काम लेथवाल्याचं. बैठकीखालच्या लोखंडी प्लेटचे स्क्रू सैल असतील तर सुताराचं, आणि ते सोपं. प्लेटच्या भोकांत काड्यापेटीच्या काड्या कोंबलेल्या दिसल्या तर समजा, पूर्वी कोणीतरी हीच दुरुस्ती फुकटात उरकली आहे.

ज्या खुर्च्या मागे झुकतात त्यांना बैठकीखाली जाड स्प्रिंग आणि एक मूठ असते. मूठ फिरवली की झुकण्याचा ताण कमी-जास्त होतो. ती फिरते का बघा. त्या भागातलं ओतकाम बहुधा बिडाचं असतं. त्यावर टॉर्च मारून केसासारखी चीर शोधा. बिडावर साधं वेल्डिंग टिकत नाही, म्हणून तिथे वेल्डिंगचा गठ्ठा दिसला की मी खुर्ची सोडते. मागे झुकताना ते तुटलं तर डोकंच आपटेल.

पाय किती, तेही मोजा. जुन्या खुर्च्यांना चार असतात. आताच्या ऑफिसच्या खुर्च्यांना पाच, कारण चार पायांची खुर्ची दोन पायांच्या मधल्या दिशेला झुकलं की लवकर कलंडते. घरात उड्या मारणारी मुलं असतील तर याचा विचार करा.

एखादं चाक ओढून काढा. आताच्या सुट्या चाकांचा दांडा बहुधा ११ मिमी जाडीचा असतो, जुन्यांचा वेगळा निघू शकतो. भोक मोठं असेल तर बुश, म्हणजे मधली नळी, बसवता येतं. लहान असेल तर पाय फाटण्याची भीती असते, ते काम हौशी माणसाने करू नये. आणि ‘साठ सालची’ म्हणून दाखवलेल्या खुर्चीच्या खाली गुळगुळीत सिलिंडर आणि उंचीचा खटका दिसला तर तो गॅसचा भाग नंतर बसवलेला आहे, किंवा ते साल तरी नंतर बसवलेलं आहे.

उपड्या खुर्चीवर कधीकधी पांढऱ्या रंगात जुना आकडा सापडतो, कुठल्यातरी कचेरीच्या सामानाच्या यादीतला. पॉलिशवाल्याला तो घासू देऊ नका. माझ्या दुसऱ्या खुर्चीवर ‘१७’ आहे. बाकीच्या सोळा कुठे गेल्या असतील, हा आमच्याकडे पावसाळ्यातला आवडता विषय आहे.

लाकूड आणि किडा

शिसव जड असतं. पण रंगावर जाऊ नका. साध्या लाकडाला काळपट रंग देऊन शिसव म्हणून खपवतात. स्क्रूच्या भोकाच्या आत किंवा बैठकीच्या खालच्या, पॉलिश न केलेल्या बाजूला खरा रंग दिसतो. न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाने थोडं स्पिरिट लावा. पॉलिश चिकट होऊन कापसाला लागलं तर ते चपड्याचं, म्हणजे जुन्या पद्धतीचं. नाही लागलं तर अलीकडचं काहीतरी फासलेलं असण्याचा संभव जास्त.

किड्याची भोकं एक-दोन मिमीची असतात. नुसती भोकं म्हणजे किडा आत आहेच असं नाही, शंभर वर्षांपूर्वी येऊन गेलेला असेल. काळा कागद खाली धरून लाकडावर मुठीने ठोका. ताजी, फिकट भुकटी पडली तर मुक्काम चालू आहे. सागाच्या आणि शिसवाच्या गाभ्याला हा किडा सहसा लागत नाही, कडेच्या पांढऱ्या लाकडाला लागतो. म्हणून चौकट, पट्ट्या, बैठकीखालचे कोपरे हेच तपासायचे.

खरेदी कोणत्या महिन्यात करावी, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. उन्हाळ्यात लाकूड सुकतं आणि सैल सांधे उघडे पडतात. पावसात लाकूड फुगून तेच सांधे घट्ट वाटतात, पण कुबट वास आणि बुरशी लपत नाही. मी एप्रिलमध्ये बघते आणि शक्य असेल तर जूनमध्ये परत एकदा बघून मग घेते. तोवर गेली तर गेली.

वेत आणि गादी

वेताच्या कडेला ओळीने भोकं असतील तर विणकाम हाताचं. खाचेत पट्टी ठोकून बसवलेलं असेल तर ती तयार जाळी. हाताचं विणकाम पुन्हा करून घ्यायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, जाळी स्वस्तात बदलते. वेत नुसता सैल पडला असेल, तुटलेला नसेल, तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवून सावलीत सुकवा. बराचसा ताणला जातो. रेक्झिनच्या खुर्चीत आतला फोम दाबून बघा. चुरा होत असेल तर बदलावा लागणार. काथ्याची जुनी गादी असेल आणि कुबट वास नसेल तर ती तशीच ठेवा.

नावाच्या खुर्च्या

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याची १९५६ची लाउंज चेअर, डॅनिश वास्तुकार आर्ने याकोबसेनने कोपनहेगनच्या एसएएस हॉटेलसाठी १९५८ साली केलेल्या ‘एग’ आणि ‘स्वान’ या खुर्च्या, यांच्या नकला भारतात ढिगाने मिळतात. नक्कल घ्यायला हरकत नाही, नकलेच्या भावाने घ्या. ईम्सच्या लाउंज चेअरची एक खूण लक्षात ठेवा: तिचा कल ठरलेला असतो. ती फिरते, पण ऑफिसच्या खुर्चीसारखी खटक्याने मागे पडत नाही. शिवाय खुर्चीला पाच पाय आणि पायाखालच्या स्टुलाला चार.

कोणी ‘चंदीगडची ओरिजिनल’ म्हणून पिएर जानरेची, म्हणजे चंदीगड उभारणाऱ्या वास्तुकारांपैकी एकाची, खुर्ची दाखवली तर कागद मागा. तिथल्या वारसा फर्निचरच्या विक्रीवर केंद्राने २०११ साली निर्बंध आणले आहेत. मुलगा परदेशात आहे, त्याला पाठवू, असा बेत असेल तर दोन गोष्टी आधी तपासा. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू पुरावस्तू ठरतात आणि त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही परवान्यांचे नियम आहेत. घरात ठेवून बसायला अर्थात कोणाची ना नाही.

बसा, मग भाव

दहा मिनिटं बसा. गप्पा मारा, पूर्ण गिरकी घ्या. लाकूड कुरकुरतं ते चालतं. खरखर आली तर धूळ-गंज. प्रत्येक फेरीत एकाच जागी ‘टक’ झालं तर परत उलटी करा आणि ती जागा शोधा. मागे झुकून बघताना कोणाला तरी मागे उभं करा.

भाव करताना ‘फार जुनी आहे’ या वाक्याला उत्तर द्यायला जाऊ नका. दांडा इतका, चाकं इतकी, वेत इतका, पॉलिश इतकं, असा दुरुस्तीचा हिशेब मोठ्याने मांडा. आधी सुताराला फोन करून दर विचारलेले असतील तर विकणाऱ्यालाही कळतं. मी पहिल्या खुर्चीला दिले त्यापेक्षा तिची चौकट सागाची करून घ्यायला जास्त पडले.

घरी आणताना बैठक उलटी फिरवून दांड्यातून काढा, दोन्ही भाग वेगळे गुंडाळा. अख्खी खुर्ची टेम्पोत आडवी टाकली की बेसचे सांधे निखळतात. पुन्हा लावताना पहिले दोन-तीन आटे हातानेच, हलके बसवा. तिरके बसले आणि जोर लावला की शंभर वर्षं टिकलेले आटे एका मिनिटात जातात. त्याआधी ग्रीस, आणि नव्या खुर्चीला पहिले काही आठवडे बाकीच्या लाकडी सामानापासून लांब, पडवीत सावलीला ठेवा. खाली काळा कागद पसरला की भुकटी पडली तर लगेच दिसते.

आमच्याकडे चवथीआधी घर झाडायला काढतात तेव्हा चारही खुर्च्या ओळीने उपड्या घालतो. दांड्याला तेल, स्क्रूला पेंचीस, कोपऱ्यांत टॉर्च. मेस्त्री आले असतील तर ते काही न बोलता पहिल्या खुर्चीपाशी थांबतात आणि बोटाने ठोकून बघतात.