अली की टायसन? वेगवेगळ्या काळांतले हेवीवेट विजेते कसे तोलायचे

पोळा होतो, डवरणी सरते आणि पानठेल्यावर संध्याकाळ मोकळी मिळाली की बॉक्सिंगचा हा वाद निघतोच, तोही हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात जड गटाचा. मोहम्मद अली मोठा की माइक टायसन? रॉकी मार्सियानो एकदाही हरला नाही, मग त्याचं काय? वाद मिटत नाही, कारण जो तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. शंकरपटात घड्याळ असतं, जोडीला किती सेकंद लागले ते सगळ्यांसमोर कळतं. बॉक्सिंगमध्ये तशी सोय नाही. म्हणून वही काढा आणि पानाच्या वर आधी प्रश्न लिहा.

प्रश्न तीन आहेत. आपापल्या काळात कोण जास्त वरचढ होता? कोणाची कामगिरी मोठी? आणि दोघे ऐन भरात समोरासमोर आले तर कोण जिंकेल? पहिल्या प्रश्नाला जो लुई भारी पडतो. तो १९३७ ते १९४९ विजेता होता आणि पट्टा, म्हणजे विजेतेपद, त्याने २५ वेळा राखला. तिसऱ्या प्रश्नात त्याच लुईसमोर नंतरच्या काळातला धिप्पाड लेनॉक्स लुईस उभा केला तर चित्र पालटतं. एका पानावर एकच प्रश्न घ्या.

त्यानंतर लढत कोणाच्या वावरात आहे ते ठरवा, म्हणजे नियम कोणत्या काळाचे धरायचे ते. कोरडवाहूचा उतारा ओलिताच्या उताऱ्याशी सरळ कोणी ताडत नाही, तसंच हे. बहुतेकांची चूक इथेच होते.

सगळ्यात मोठा फरक फेऱ्यांचा. पूर्वी विजेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम डुक-कू जबर जखमी झाला आणि दगावला. त्यानंतर एकेका संघटनेने १२ फेऱ्या केल्या आणि १९८८ पर्यंत सगळीकडे तेच झालं. तीन फेऱ्यांनी काय एवढं बिघडतं, असं वाटेल. मग हे दोन सामने पाहा. जून १९४१ मध्ये बिली कॉन १२ फेऱ्यांअखेर लुईच्या पुढे होता. दोन पंचांच्या कागदावर आघाडी, तिसऱ्याकडे बरोबरी. तेराव्या फेरीत लुईने त्याला झोपवलं. सप्टेंबर १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉट तिन्ही पंचांकडे मार्सियानोच्या पुढे होता. तिथेही तेराव्याच फेरीत मार्सियानोचा उजवा हात बसला. आजच्या नियमांत लुई आणि मार्सियानो दोघेही पॉइंटवर, म्हणजे पंचांच्या गुणांवर, हरले असते आणि मार्सियानोचा ४९-० हा आकडा राहिलाच नसता. अर्थात लढत १२ फेऱ्यांची आहे हे ठाऊक असतं तर दोघांनी घाईही केली असती. म्हणून असा सामना कोणाच्या बाजूने किंवा विरुद्ध पुरावा म्हणून मोजू नका, फक्त नोंद ठेवा.

ग्लव्हजही बदलले. आता हेवीवेटला १० औंसांचे, म्हणजे साधारण २८० ग्रॅमचे असतात. लुई-मार्सियानोच्या काळी ते हलके असत. हलक्या ग्लव्हजने कातडी लवकर फाटते. मोठ्या ग्लव्हजमागे तोंड लपवणं सोपं जातं, म्हणून आजचा उंच गार्ड, म्हणजे तोंडासमोर हात वर धरणं, जुन्या काळात तसाच चालला असता असं धरू नका. त्याहून मागे गेलात तर नियमच वेगळे. १९१९ च्या विजेतेपदाच्या लढतीत जॅक डेम्प्सी पडलेल्या विलार्डच्या डोक्याशी उभा राहायचा आणि तो उठताच पुन्हा मारायचा. आज पाडणाऱ्याला तटस्थ कोपऱ्यात, म्हणजे दोघांपैकी कोणाचाच नसलेल्या कोपऱ्यात, जावं लागतं.

आता वजन. लढतीच्या दिवसाचंच वजन घ्या, कारकिर्दीची सरासरी उपयोगाची नाही. पौंडाला ०.४५३६ ने गुणलं की किलो मिळतात. वॉलकॉटविरुद्ध मार्सियानो १८४ पौंडांचा, म्हणजे ८३.५ किलोचा होता. आज २०० पौंडांपर्यंतचा गडी क्रूझरवेट या हलक्या गटात बसतो, म्हणजे मार्सियानो हेवीवेट ठरलाच नसता. २०२० मध्ये वाइल्डरसमोर टायसन फ्युरी २७३ पौंडांचा होता, जवळपास १२४ किलो. वजनाबरोबर हातांचा पल्लाही लिहा. मार्सियानोचा ६८ इंचांच्या आसपास, लेनॉक्स लुईसचा ८४ इंच. पण वजनावर थांबू नका. डेम्प्सीने आपल्याहून २५ किलोंच्या आसपास जड असलेल्या विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. उसिकने मे २०२४ मध्ये आपल्याहून जड फ्युरीला पॉइंटवर हरवलं. थोरल्या अंगाचा फायदा मिठी मारून अंगावर भार टाकण्यात आणि लांबून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारण्यात असतो. हलका गडी तो भार चुकवू शकतो का, एवढंच तपासा.

प्रतिस्पर्ध्यांची यादी करताना नावापुढे त्या दिवशीचं वय लिहा. मार्सियानोने लुईला हरवलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता. टायसनने माजी विजेत्या होम्सला पाडलं तेव्हा होम्स ३८ चा होता आणि १९८६ नंतर रिंगणात उतरलेला नव्हता. लुईसने २००२ मध्ये हरवलेला टायसन ३५ चा होता. असे विजय अर्धेच धरावेत, असं आमचं ठाम मत आहे. उलट दिशेलाही न्याय करा. लुईने डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत सात वेळा पट्टा राखला. आजचा विजेता वर्षाकाठी एकदा-दोनदा लढतो. अलीची १९६७ ते १९७० ही साडेतीन वर्षं बंदीत गेली, तीही ऐन भराची. आणि वर्णभेदामुळे डेम्प्सीच्या काळी हॅरी विल्ससारख्या काळ्या बॉक्सरला विजेतेपदाची संधीच मिळाली नाही. त्या यादीतली रिकामी जागा रिकामीच लिहा.

आता पाहण्याचं काम. झलकांचे व्हिडिओ पाहून निकाल देऊ नका, त्यात प्रत्येकजण अजिंक्य दिसतो. दर बॉक्सरच्या तीन लढती घ्या: सर्वांत चांगली, सर्वांत कठीण आणि हरलेली. १५ फेऱ्यांची लढत विश्रांतीसह ५९ मिनिटांची, १२ फेऱ्यांची ४७ मिनिटांची. रात्रीची लाइन असली तर हरभऱ्याचं ओलित होईपर्यंत एक नीट पाहून होते. आवाज बंद ठेवा, नाहीतर समालोचक सांगेल तेच दिसतं. मूकपटाच्या काळातलं चित्रण घाईघाईचं वाटलं तर वेग ०.७५ करा, हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण पुढे जास्त वेगाने दाखवलं गेलं, माणसं तशी हलत नव्हती.

पाहताना हाताकडे नको, जॅबनंतर तो हात कुठे परत जातो तिकडे बघा. १९३६ मध्ये श्मेलिंगने हेच हेरलं. लुईचा डावा हात जॅब मारून परतताना खाली यायचा आणि हनुवटी उघडी पडायची. त्या फटीतून श्मेलिंगचा उजवा पुन्हा पुन्हा आत आला आणि बाराव्या फेरीत लुई बाद झाला. १९३८ मध्ये तेच दोघे समोर आले तेव्हा लुईने १२४ सेकंदांत काम संपवलं. खोट सापडली की ती पुढे दुरुस्त झाली का, हेही याच रांगेत लिहा.

अली-टायसन मांडून बघू. अली नोव्हेंबर १९६६ चा, वय २४, वजन ९६ किलोंच्या वर. टायसन जून १९८८ चा, वय २१, वजन ९९ किलो. वजन जवळपास सारखं, पल्ला मात्र ७८ आणि ७१ इंच. अलीची खोट डाव्या हुकसमोर, म्हणजे बाजूने वळून येणाऱ्या ठोशासमोर: १९६३ मध्ये कूपरने आणि १९७१ मध्ये पंधराव्या फेरीत फ्रेझरने त्याला त्याच फटक्याने पाडलं. टायसनचा डावा हुक त्याहून वेगवान. टायसनची खोट उंच, लांब जॅबच्या आणि मिठी मारणाऱ्या गड्यासमोर: १९८७ मध्ये स्मिथ आणि टकर पूर्ण १२ फेऱ्या टिकले, १९९० मध्ये टोकियोत डग्लसने दहाव्या फेरीत झोपवलं. अलीने १९७४ च्या फ्रेझर लढतीत मान धरून हेच केलं होतं.

कोणाला आकडे संगणकात घालायचा मोह होईल. अली-मार्सियानोची तशी लढत १९६९ मध्ये चित्रित झाली. अमेरिकेत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला, युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली. म्हणजे संगणकावरही विसंबता येत नाही.

निकाल लिहिताना अट सोडू नका. वरच्या जोडीचा आमचा निकाल असा: १९६६ चा अली, १९८८ चा टायसन, १० औंसांचे ग्लव्हज, १२ फेऱ्या. पहिल्या चार फेऱ्यांत संपलं तर टायसन, पाचवी सुरू झाली तर अली. फेऱ्या १५ केल्या तर अलीकडे झुकतं माप आणखी वाढतं. कोणी या निकालाला आव्हान दिलं, तर यातली कोणती अट बदलायची ते त्याला आधी सांगायला लावा आणि नव्या पानापासून सुरू करा.