फाईल कोणाच्या हाती : टाईप १ मधुमेहासह सज्ञान होताना

लहानपणीच टाईप १ मधुमेह (यात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळपास बनवतच नाही, ते रोज टोचून घ्यावे लागते) जडलेल्या मुलाच्या घरी एक जाडजूड फाईल असते आणि ती बहुधा आईच्या कपाटात असते. इन्सुलिनची बाटली केव्हा संपेल, डोस कधी वाढवला, डोळे कधी तपासले, हे सारे तिला तोंडपाठ असते. मुलाला सुई टोचून घेण्यापलीकडे फारसे ठाऊक नसते. अठराव्या वर्षाच्या आसपास बालरोगतज्ज्ञ मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगतात, तेव्हा हे उणेपण एकदम उघडे पडते. म्हणून फाईल सोपवण्याचे काम आठवी-नववीतच, एकेक जबाबदारी देत सुरू करावे.

पहिली जबाबदारी खरेदीची असावी. आपल्याकडे बाटलीतले साधे इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि त्याच्या सिरिंजचे टोपण लाल असते. १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. पीयूसीसाठी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) खानापूर तालुक्यातून बेळगावला खोली घेऊन राहायला आलो, त्या पहिल्याच महिन्यात मी न बघता नारिंगी टोपणाची पाकिटे आणली आणि चार दिवस ४० च्या बाटलीतून नेहमीच्याच खुणेपर्यंत औषध ओढत राहिलो. खूण १० ची असली तरी अंगात जात होते जेमतेम ४ युनिट. साखर साडेतीनशेवर गेली, तोंडाला कोरड पडली, रात्री चारदा उठावे लागले. शेवटी घरी फोन केला, तर आईने साखरेचा आकडाही न विचारता पहिला प्रश्न केला, ‘टोपणाचा रंग कसला आहे रे?’ उलट चूक याहून घातक असते, कारण १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतल्यास डोस अडीचपट होतो. दुकानातून निघण्यापूर्वी बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग ताडून पाहावा.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी, मात्र बर्फाच्या कप्प्यात नको. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. उघडलेली बाटली साधारण ४ आठवडे चालते. खोलीवर फ्रिज नसेल, तर पाण्याचा ओलावा लागणार नाही अशा घट्ट डबीत बाटली घालून ती डबी मातीच्या मडक्यात ठेवावी आणि मडके ओल्या वाळूत बसवावे.

साखर ७० च्या खाली आली, हात थरथरू लागले, घाम फुटला, की ३ चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. अशा वेळी घरचे लोक प्रेमाने कुंदा किंवा गोकाकचा करदंट पुढे करतात. पण खव्यातल्या आणि सुक्या मेव्यातल्या स्निग्धांशामुळे त्यांतली साखर रक्तात उशिरा पोहोचते, म्हणून आधी साधी साखरच घ्यावी. बसमध्ये शेजारी बसलेल्याला मराठी कळेलच असे नाही, तेव्हा ‘ननग शुगर ऐत्रि, सक्रि कोडरि’ (मला मधुमेह आहे, साखर द्या) हे कन्नड वाक्य पाठ असू द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा, हे खोलीतल्या सोबत्यांना आधीच सांगून ठेवावे.

ताप किंवा उलट्या होत असताना ‘पोटात अन्न नाही, मग सुई कशाला?’ असे वडीलधारी माणसे हमखास म्हणतात. हा सल्ला कितीही मायेचा असला तरी मानू नये. दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन अशा दिवसांतही बंद करायचे नसते. साखर वारंवार तपासावी, लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडले की शरीरात साठणारे आम्लधर्मी पदार्थ) पाहावेत, आणि उलट्या थांबत नसतील किंवा श्वास जोरजोरात चालत असेल तर तडक दवाखाना गाठावा.

सतराव्या वर्षापासून डॉक्टरांच्या खोलीत निम्मा वेळ एकट्याने बसावे. आईसमोर चुकलेल्या डोसांविषयी, दारू-सिगारेटविषयी कोणी खरे बोलत नाही आणि डॉक्टरांना नेमके तेच हवे असते. नव्या डॉक्टरांकडे जाताना आजार कधी कळला, सध्याचे डोस, मागचे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) आणि डोळे व लघवीच्या तपासण्यांच्या तारखा एका कागदावर लिहून न्याव्यात. फाईलची छायाचित्रे मोबाईलमध्ये असावीत. उपचार मिरज-कोल्हापूरला आणि शिधापत्रिका कर्नाटकाची, असे आपल्या भागात अनेकांचे असते. कोणत्या राज्याचे कार्ड तिथे चालेल, हे दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

लग्नाची बोलणी सुरू झाली की आजार सांगावा का, हा प्रश्न मुलींच्या घरी जास्त छळतो. माझ्या मते साखरपुड्याआधी सांगावे, कारण रोजची सुई लपत नाही. शिवाय गरोदरपणापूर्वीच साखर आटोक्यात आणावी लागते आणि ते चोरून होण्यासारखे नाही.

पालकांनी रोज ‘साखर किती?’ असे विचारणे थांबवून आठवड्यातला एक दिवस ठरवावा. आमच्या घरी रविवार ठरला. बुधवारी फोन आला तर आई आधी भाताच्या रोपांविषयी, मग शेजारच्या म्हशीविषयी बोलते आणि शेवटी हळूच विचारतेच.