पॅकेज टाकताना फाईल कॉन्फ्लिक्ट आला? या चुका टाळा

लिनक्सवर पॅकेज इन्स्टॉल चालू असताना मधेच 'ट्राइंग टू ओव्हरराइट' अमुक फाईल, 'विच इज ऑल्सो इन पॅकेज' तमुक अशी एरर येते, म्हणजे दोन पॅकेजेस एकाच फाईलवर हक्क सांगतायत, आणि बरेच जण ती ओळ धड न वाचता थेट फोर्स-ओव्हरराइट (जबरदस्तीने फाईल बदलायचा पर्याय) मारून मोकळे होतात. प्लीज हे करू नका. इन्स्टॉल होतं हो, पण पहिल्या पॅकेजची मूळ फाईल गेली ती गेलीच, दुसरं पॅकेज काढलं तरी ती परत येत नाही, पहिलं रिइन्स्टॉल करावं लागतं.

आधी फाईल कोणाची आहे ते विचारा. डेबियन-उबंटूत डीपीकेजी डॅश कॅपिटल एस, फेडोरात आरपीएम डॅश क्यूएफ, आर्चमध्ये पॅकमन डॅश कॅपिटल क्यू आणि स्मॉल ओ, पुढे फाईलचा पूर्ण पाथ. आता इथे लोक फसतात, कारण डेबियन १२ मध्ये /यूएसआर/बिन/एलएस विचारलं तर 'नो पाथ फाउंड' येतं आणि वाटतं फाईल बेवारस आहे, पण नोंद /बिन/एलएस या जुन्या पाथवर असते. दोन्ही पाथ विचारून बघा.

खरंच कोणाचीच नसेल तर ती बहुतेक सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिन म्हणून) पिप किंवा मेक इन्स्टॉलने, पॅकेज मॅनेजरला न कळवता काहीतरी टाकल्याने आलेली असते. डिलीट नको, बाजूला हलवा आणि मग पॅकेज टाका.

दुसरी चूक म्हणजे एपीटीच्या (डेबियन-उबंटूत पॅकेज टाकणारं टूल) सिम्युलेशनवर, म्हणजे खरं इन्स्टॉल न करता घेतलेल्या चाचणीवर विसंबणं. ते फक्त डिपेन्डन्सी, म्हणजे कोणत्या पॅकेजला कोणतं लागतं ते बघतं, पॅकेजच्या आतल्या फाईली बघतच नाही, त्यामुळे कॉन्फ्लिक्ट थेट अनपॅक करताना कळतो आणि काम अर्धवट राहतं, मग एपीटी फिक्स-ब्रोकन चालवावं लागतं. आरपीएम आणि पॅकमन हे चेकिंग फाईली लिहायच्या आधीच करतात, मला तरी हीच पद्धत बरी वाटते. बाहेरून आणलेली डेब फाईल असेल तर डीपीकेजी डॅश सी ने आतली यादी आधीच बघून घ्या.

पॅकेज तुम्हीच बनवत असाल आणि फाईल एका पॅकेजमधून दुसऱ्यात हलवली असेल तर डेब पॅकेजच्या कंट्रोल फाईलमध्ये ब्रेक्स आणि रिप्लेसेस या दोन्ही ओळी लिहा, नुसतं रिप्लेसेस पुरत नाही.

आणि एररमध्ये 'शेअर्ड' शब्द दिसला, म्हणजे एकाच लायब्ररीची ६४ बिट आणि आय३८६ (३२ बिट) कॉपी भांडतायत, चेंजलॉगच्या फाईलवरून तर हे हमखास होतं, तर दोन्हींचं व्हर्जन एकच करा, काम होतं.