सॉफ्टवेअरच्या अनोळखी नावाचा अर्थ शब्दकोशात कसा शोधावा

चित्रे संपादित करण्याच्या ‘गिंप’ (GIMP) या मुक्त सॉफ्टवेअरचे नाव शब्दकोशात शोधण्याआधी तो मुळात शब्द आहे की आद्याक्षरांची जुळणी, हे पाहून घ्यावे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी १९९५ मध्ये हे काम हाती घेतले, तेव्हा त्याचे पूर्ण नाव ‘जनरल इमेज मॅनिप्युलेशन प्रोग्राम’ असे होते; पुढे ‘जनरल’च्या जागी ‘ग्नू’ हे एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे नाव आले.

त्यानंतर इंग्रजी शब्दकोश उघडावा आणि पहिल्याच अर्थावर न थांबता त्या स्पेलिंगच्या सर्व नोंदी वाचाव्यात, कारण व्युत्पत्ती निराळी असल्यास कोशकार एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांनाही स्वतंत्र क्रमांक देतात. ‘गिंप’ची सर्वांत देखणी नोंद वस्त्रकामातली आहे: मध्ये तार किंवा दोरी ठेवून तिच्याभोवती रेशीम, लोकर वा सूत पिळून केलेली नक्षीची पट्टी, जी कपड्यांच्या कडेला किंवा गादीच्या खुर्चीवरचे खिळे झाकण्यासाठी लावतात. आपल्या पैठणीच्या जरीत रेशमी धाग्यावर धातूची तार गुंडाळलेली असते. गिंपमध्ये रचना नेमकी उलटी आहे. तारेने मजबूत केलेल्या मासेमारीच्या रेशमी दोरीलाही हाच शब्द आहे.

दुसरी नोंद मात्र अपंग किंवा लंगडत चालणाऱ्या व्यक्तीला हिणवणारी आहे. म्हणूनच अर्थासोबत छापलेले ‘आक्षेपार्ह’, ‘बोलीतला’, ‘जुना’ यांसारखे शेरे अर्थाइतक्याच काळजीने वाचावेत. नक्षीच्या पट्टीचा अर्थ कितीही सुंदर असला तरी त्याने हा अपमान पुसला जात नाही, असे मला ठामपणे वाटते. नावावरच्या याच आक्षेपातून २०१९ मध्ये या सॉफ्टवेअरची ‘ग्लिम्प्स’ ही वेगळी आवृत्ती निघाली होती. २०२१ मध्ये तिचे काम थांबले.

स्वतःच्या सॉफ्टवेअरला नाव देताना ते देवनागरीत लिहून मराठी कोशातही तपासावे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. मात्र कोशात शब्द मूळ रूपात असतात, त्यामुळे केवळ लिहिलेले रूप शोधून भागत नाही. ‘जावा’ हे प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे नाव मराठीत ‘जाऊ’चे अनेकवचनही आहे, आणि तो अर्थ ‘जाऊ’ या नोंदीखालीच सापडतो. शिवाय नात्यातल्या ‘जावा’चा ‘ज’ ‘जग’मधल्यासारखा, तर भाषेच्या नावातला ‘जीव’मधल्यासारखा उच्चारतात, हा फरक लेखनात दिसत नाही, म्हणून निवडलेले नाव मोठ्याने वाचूनही पाहावे.