'आला असावा' म्हणजे 'स्वा वन्यू' नव्हे: सब्जाँक्तिफ पासे वापरताना या चुका टाळा

डेल्फ बी२ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या वह्या तपासताना गंमत दिसते. सब्जाँक्तिफ म्हणजे इच्छा, भावना, शंका अशा गोष्टींनंतर येणारं फ्रेंच क्रियापदाचं रूप, आणि सब्जाँक्तिफ पासे हा त्याचा एक प्रकार. त्याचा तक्ता बहुतेकांना पाठ असतो. आव्वार (असणं, जवळ असणं) किंवा एत्र (असणं) या सहायक क्रियापदाचं वर्तमानातलं सब्जाँक्तिफ रूप, त्यापुढे क्रियापदाचं भूतकाळी धातुसाधित, झालं. पासे काँपोझे, म्हणजे फ्रेंचमधला नेहमीचा भूतकाळ, पक्का असेल तर तासाभरात जमतं. तरीही वाक्यं चुकतात, कारण हे रूप कुठे लावायचं तेच ठाऊक नसतं.

सगळा घोळ नावाने घातलाय. 'पासे' म्हणजे भूतकाळ, म्हणून मुख्य क्रियापद भूतकाळात दिसलं की पुढे सब्जाँक्तिफ पासे ठोकून देतात. 'तू यावंस अशी माझी इच्छा होती' याचं 'झ वूले क त्यू स्वा वन्यू' होतं. हवं असतं 'झ वूले क त्यू वियेन', म्हणजे साधं वर्तमान सब्जाँक्तिफ. इथे मराठीवर विश्वास ठेवा. 'तू यावंस असं वाटतं' आणि 'तू यावंस असं वाटत होतं', यात 'यावंस' बदललं का? फ्रेंचमध्येही ते बदलत नाही. इच्छा झाली तेव्हा येणं अजून व्हायचंच होतं.

सब्जाँक्तिफ पासे दाखवतो तो क्रम: मुख्य क्रियेच्या किंवा ठरलेल्या वेळेच्या आधी काहीतरी उरकलेलं असणं. 'तू आलास याचा मला आनंद आहे', 'झ स्वी काँताँ क त्यू स्वा वन्यू'. आधी येणं, मग आनंद. आता हे बघा: 'इल फो क त्यू ए फिनी दमँ आवाँ मिदी', उद्या बाराच्या आत तुझं संपलेलं हवं. उद्याची गोष्ट, तरी पासे! अडलात तर मराठीत 'आलेलं', 'संपलेलं', 'झालेलं' बसतंय का पाहा. व्याकरणाचा नियम म्हणून नका सांगू कुणाला, पण परीक्षेच्या खोलीत उपयोगी पडतं.

मराठी एका ठिकाणी मात्र दगा देते. 'तो आला असावा' या वाक्याची घडण थेट 'स्वा वन्यू'सारखी वाटते: सहायक क्रियापद, सोबत 'आला'. पण तो आपला अंदाज आहे, आणि अंदाजाला फ्रेंच 'द्वुआर' हे क्रियापद वापरते: 'इल आ द्यू वनीर'. सब्जाँक्तिफ येतो तो 'तो आला असेल असं मला वाटत नाही' यात: 'झ न पाँस पा किल स्वा वन्यू'. नकार काढून 'मला वाटतं' केलंत, की परत साधा पासे काँपोझे. 'एस्पेरे' (आशा करणं) याचंही तसंच. आशा ही अनिश्चित गोष्ट, म्हणून हात सब्जाँक्तिफकडे जातो, पण 'तू यशस्वी झालास अशी आशा आहे' याला 'जेस्पेर क त्यू आ रेयुसी' हेच बरोबर.

सहायक निवडताना फसतात ते 'सोर्तीर' (बाहेर जाणं), 'माँते' (वर चढणं), 'दसाँद्र' (खाली उतरणं), 'पासे' (जाणं, ओलांडणं) या दुतोंडी क्रियापदांत. स्वतः बाहेर गेलात तर एत्र, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवलात तर आव्वार: 'क त्यू ए सोर्ती ला पुबेल'. पासे काँपोझेत हे येत असेल तर इथे नवीन काही नाही.

लिंग-वचनाचं थोडं सविस्तर बोलू, कारण हिथे मराठी माणूस जरा जास्तच हुशारी करतो. आपल्याकडे 'तू फुलं आणलीस' म्हटलं की क्रियापद फुलांमागे जातं, फुलं वाक्यात कुठेही असोत. फ्रेंचमध्ये आव्वार असेल तर धातुसाधित कर्माशी जुळायला कर्म आधी यावं लागतं. 'क त्यू ए आश्ते ले फ्लर' (तू फुलं विकत घेतलीस) यात आश्तेला काहीच जोडायचं नाही. 'क त्यू ले झे आश्ते' म्हटलंत, म्हणजे फुलांचं सर्वनाम क्रियापदाच्या आधी आलं, की शेवटी स्त्रीलिंगाचा ई आणि अनेकवचनाचा एस. कानाला फरक शून्य, गुण कागदावर जातात. 'केल स स्वा लावे' (तिने स्वतःला धुतलं) यात ई लागतो. पण 'केल स स्वा लावे ले मँ' यात कर्म म्हणजे हात, ते मागून येतात, म्हणून ई गायब.

स्पेलिंगचे दोनच सापळे. 'जे' (मी), 'त्यू ए' (तू), 'इल ए' (तो), 'इल झे' (ते) या चारही ठिकाणी आव्वारचं रूप कानाला 'ए'च, म्हणून इलसोबत ए-आय-ई लिहिलं जातं. तिथे ए-आय-टी हवं. आणि 'नू'-'वू' (आम्ही, तुम्ही) यांच्या रूपांत वायनंतर आय घालू नका. 'पार्लियाँ' (बोलणं या क्रियापदाचं 'नू'चं रूप) लिहायच्या सवयीने तो घुसतो.

कर्ता दोन्हीकडे एकच असेल तर दोन वाक्यं जोडणारा 'क' टाळा. 'मी आलो याचा मला आनंद आहे' म्हणजे 'झ स्वी काँताँ देत्र वन्यू'.

राहिलं 'आप्रे क' (नंतर). 'आवाँ क' (आधी) याच्यानंतर सब्जाँक्तिफ, म्हणून 'आप्रे क'नंतरही तोच, असं अनेक फ्रेंच लोकही बोलतात. पण नंतर म्हटल्यावर गोष्ट घडून गेलेली आहे, शंका कसली? फ्रेंच भाषेचे नियम सांगणारी संस्था आकादेमी फ्राँसेझ आजही इथे इंदिकातिफ, म्हणजे क्रियापदाचं साधं रूपच सांगते: 'आप्रे किल ए पार्ती' (तो गेल्यानंतर). त्यामुळे पॅरिसच्या मित्राकडून 'आप्रे किल स्वा पार्ती' ऐकलंत तर त्याला टोकू नका, फक्त उत्तरपत्रिकेत उतरवू नका.